एकच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर एका जागी जीन चालू करतो, दुसऱ्या जागी बंद. एमएस्सीच्या प्रकल्पात हे कसं दाखवावं?

संगम_माहुली (धागाकर्ती):
साताऱ्यातल्या एमएस्सी दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी हा धागा काढतेय. पुस्तकांत ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांच्या (डीएनएवर बसून जीनचं काम कमीजास्त करणारी प्रथिनं, यापुढे टीएफ) दोन याद्या असतात, ॲक्टिव्हेटर (चालू करणारे) आणि रिप्रेसर (दाबणारे). मुलं त्या पाठ करतात. मग ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर कुठल्या यादीत, वायवाय-१ कुठल्या, असं विचारलं की गाडी अडते. टीएफचं काम तो जीनोममध्ये कुठे आणि कोणाशेजारी बसलाय यावर ठरतं, हे त्यांनी स्वतःच्या आकड्यांतून बघावं असं वाटतं.

हाताशी आहे ते असं: पीसीआर, क्यूपीसीआर, शेकर, स्पेक्ट्रोफोटोमीटर. पेशीसंवर्धन आणि ल्युमिनोमीटर सांगलीत एका ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस मिळेल. सिक्वेन्सिंग बाहेरून, तेही फक्त क्लोन तपासण्यापुरतं. वेळ एक सेमिस्टर. कुठला टीएफ घ्यावा आणि कुठे पाय घसरतो ते सांगा.

वारणाकाठ:
मॅडम, पेशीसंवर्धन दुसऱ्या टप्प्याला ठेवा. पहिला टप्पा ई. कोलायमध्ये उरकतो आणि उत्तर स्वच्छ मिळतं. गॅलॅक्टोज (गॅल) ओपेरॉन घ्या, म्हणजे एकत्र चालू-बंद होणारा जीनांचा गट.

गॅलला दोन प्रमोटर (आरएनए बनायला जिथून सुरुवात होते त्या जागा) आहेत, पी-१ आणि पी-२. त्यांच्या सुरुवातीच्या जागा एकमेकांपासून फक्त ५ बेसजोड्यांवर. सीआरपी हे प्रथिन सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू घेऊन पी-१ च्या हिशोबाने -४१.५ ला, म्हणजे सुरुवातीच्या तेवढ्या बेसजोड्या मागे, बसतं. तिथे बसून ते पी-१ चालू करतं आणि त्याच वेळी पी-२ दाबतं. जागा एक, प्रथिन एक, क्षण एक, आणि कामं दोन विरुद्ध. याच्याइतकं नेमकं उदाहरण माणसाच्या पेशीत शोधून सापडणार नाही.

गंमत पुढे आहे. गॅलआर हा त्याच ओपेरॉनचा 'रिप्रेसर' म्हणून शिकवला जातो. तो -६०.५ च्या ऑपरेटरवर (रिप्रेसरच्या बसण्याच्या जागेवर) एकटा बसला तर पी-१ दाबतो पण पी-२ वाढवतो, म्हणजे सीआरपीच्या बरोबर उलट. जीनच्या आत +५३.५ ला दुसरा ऑपरेटर आहे. तिथेही गॅलआर बसला आणि एचयू प्रथिन मदतीला आलं की मधल्या डीएनएचा फास पडतो आणि दोन्ही प्रमोटर गप्प होतात. शंकर अध्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर दीर्घकाळ काम केलंय, त्यामुळे वाचायला साहित्य भरपूर.

एक सावधगिरी आत्ताच सांगतो, कारण मुलं हमखास क्यूपीसीआर लावायला धावतील. दोन्ही प्रमोटरांचे आरएनए फक्त ५ न्यूक्लिओटाइडांनी वेगळे आहेत. क्यूपीसीआरला ते एकच दिसणार. एक वाढला, दुसरा कमी झाला, बेरीज जवळपास तीच, आणि मुलं लिहिणार 'सीआरपीचा परिणाम नाही'. त्यामुळे एकतर प्रायमर एक्स्टेन्शन (आरएनएचं सुरुवातीचं टोक नेमकं दाखवणारी पद्धत) करा, नाहीतर दोन वेगळी लॅक-झेड फ्यूजन (प्रमोटरला मोजता येणाऱ्या एन्झाइमचा लॅक-झेड जीन जोडलेली) बनवा: एकात पी-१ मेलेला, दुसऱ्यात पी-२ मेलेला. दोघांच्या -१० पेट्या (आरएनए बनवणारं पॉलिमरेज जिथे धरतं त्या ओळी) एकमेकींवर चढलेल्या आहेत, म्हणून बदल स्वतःच्या मनाने योजू नका. आधी छापून आलेले, तपासलेले बदलच उचला.

मिरज_जंक्शन:
सीआरपी -४१.५ ऐवजी दुसरीकडे सरकवला तर? ते तर आणखी सोपं होईल ना, एकाच प्रमोटरसमोर जागा हलवत न्यायची.

वारणाकाठ:
तेही करा, मालिका छान बनते. -६१.५ ला, लॅक प्रमोटरसारखा, ठेवला तर सीआरपी आरएनए पॉलिमरेजच्या अल्फा उपघटकाचं शेपूट पकडतो. -४१.५ ला तो पॉलिमरेजला अगदी खेटून बसतो आणि अल्फाच्या दुसऱ्या टोकाशीही संपर्क करतो. म्हणजे दोन्हीकडे 'ॲक्टिव्हेशन'च, पण यंत्रणा निराळी. मधल्या जागांवर बहुतेक शुकशुकाट. डीएनएचा एक वळसा सुमारे १०.५ बेसजोड्यांचा, ५ ने सरकवलं की सीआरपी पलीकडच्या बाजूला तोंड करून बसतो, पॉलिमरेजपर्यंत त्याचा हात पोचत नाही. -६१.५ पासून मागे १० किंवा ११ ने सरकवलं की काम पुन्हा बरंचसं परत येतं. आणि -१० किंवा -३५ च्या पेटीवरच बसवला तर रिप्रेसर, कारण वाटच अडवली.

बसण्याची जागा: टी-जी-टी-जी-ए, मग कुठलेही ६ बेस, मग टी-सी-ए-सी-ए. मधले ६ मोजून ठेवा, एखादा बेस प्रायमर मागवताना गळतो आणि महिना जातो.

फॉस्फेट_बफर:
मोजमापाचं मी लिहितो. मिलर पद्धत, म्हणजे लॅक-झेडचं काम रंगावरून मोजणं.

यजमान जिवाणूचा स्वतःचा लॅक-झेड पूर्ण उडवलेला असायला हवा. नाहीतर सायक्लिक एएमपी दिलं की त्याचाच लॅक ओपेरॉन वर जातो आणि तुम्ही तुमच्या रिपोर्टरचं (मोजायला जोडलेल्या जीनचं) कौतुक करत बसता. सायक्लिक एएमपी बनवणारा साय-ए जीन नसलेला प्रकार घ्या आणि बाहेरून १ ते ५ मिलिमोलर सायक्लिक एएमपी द्या किंवा देऊ नका. ग्लुकोज विरुद्ध ग्लिसरॉल अशी तुलना स्वस्त आहे खरी, पण त्यात वाढीचा वेगच बदलतो आणि सगळं गढूळ होतं. साय-ए नसलेला जिवाणू सावकाश वाढतो, म्हणून वेळ पाहून नमुना घेऊ नका. घनता ६०० नॅनोमीटरला ०.३ ते ०.७ च्या मध्ये आली की घ्या.

झेड बफर: डायसोडियम फॉस्फेट ६० मिलिमोलर, मोनोसोडियम फॉस्फेट ४०, पोटॅशियम क्लोराइड १०, मॅग्नेशियम सल्फेट १, पीएच ७. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ५० मिलिमोलर, पण ते त्याच दिवशी घाला. पेशी आणि बफर मिळून १ मिलि, त्यात क्लोरोफॉर्मचे दोन थेंब आणि ०.१ टक्का एसडीएसचा एक, जोरात हलवा, २८ अंशांवर ५ मिनिटं. मग ४ मिग्रॅ/मिलि ओएनपीजी (लॅक-झेडने पिवळं होणारं रसायन) ०.२ मिलि. फिकट पिवळा रंग आला की १ मोलर सोडियम कार्बोनेट ०.५ मिलि घालून थांबवा आणि वेळ सेकंदासह लिहा. गडद पिवळं होईपर्यंत थांबलात तर ओएनपीजी संपत आलेलं असतं आणि जोरदार प्रमोटर उगाच कमजोर दिसतो.

एकक = १००० × (४२० चं वाचन - १.७५ × ५५० चं वाचन) ÷ (मिनिटं × मिलि × ६०० चं वाचन). ५५० चं वाचन पेशींच्या गाळाची गढूळता वजा करायला असतं. ते शून्य धरायचं असेल तर नळी आधी सेंट्रिफ्यूज करा.

रिपोर्टर शक्यतो गुणसूत्रावर किंवा पीएससी-१०१ सारख्या कमी प्रतींच्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर). सीआरपी पेशीत मुबलक असतो, पण गॅलआरचे रेणू मोजके. जास्त प्रतींचं प्लाझ्मिड घातलं की ऑपरेटरच इतके होतात की गॅलआर पुरत नाही आणि दमन दिसेनासं होतं.

मिरज_जंक्शन:
हे सगळं पटलं. पण जिवाणूत क्रोमॅटिन (प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनए) नाही, न्यूक्लिओसोम (त्यातल्या एकेक गुंडाळ्या) नाहीत. 'जीनोमिक संदर्भ' म्हणताना निम्मी गोष्ट तिथेच असते. परीक्षक हाच प्रश्न विचारणार.

खणभाग_सांगली:
बरोबर, म्हणून दुसरा टप्पा. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, म्हणजे जीआर (कॉर्टिसॉलसारख्या हार्मोनने चालणारा टीएफ) घ्या आणि ए-५४९ या फुप्फुसाच्या पेशी. जीआरची सोय अशी की स्विच तुमच्या हातात असतो. डेक्सामेथासोन (कृत्रिम हार्मोन) घातलं की तो मिनिटांत केंद्रकात जातो. एचईके-२९३ घेऊ नका, त्यांत जीआर फारच कमी आहे. बाहेरून घालावा लागतो आणि मग वेगळीच दुखणी सुरू होतात, ती खाली कुणीतरी लिहीलच.

जीआरच्या बसण्याच्या जागा निदान तीन तऱ्हेच्या.

पहिली नेहमीची: ए-जी-ए-ए-सी-ए, कुठलेही ३ बेस, टी-जी-टी-टी-सी-टी. इथे दोन रेणू जोडीने बसतात. एफकेबीपी-५, पीईआर-१, टीएससी-२२डी-३ हे जीन इथून वर जातात. यातही सगळ्या जागा सारख्या नाहीत. २००९ साली सायन्समध्ये आलेल्या कामात दाखवलं गेलं की एका बेसजोडीच्या फरकानेही रिसेप्टरचा आकार बदलतो आणि कामाची पातळीही. किती घट्ट बसला आणि किती काम केलं यांचा सरळ संबंध लागला नाही. म्हणजे डीएनए ही नुसती बसण्याची जागा नव्हे, हार्मोनसारखा तोही रिसेप्टरला वळण देतो.

दुसरी उलट जागा: सी-टी-सी-सी, मध्ये ० ते २ बेस, जी-जी-ए-जी-ए. टीएसएलपी जीनमधली या प्रकारची जागा प्रसिद्ध आहे. इथे जीआरचे दोन रेणू डीएनएच्या विरुद्ध बाजूंना, एकमेकांना न धरता बसतात आणि दमन करणारे सहकारी बोलावतात.

तिसरी वादाची: आयएल-८ सारखे दाहाचे जीन, जिथे एनएफ-कप्पा-बी हा दुसरा टीएफ आधीच बसलेला असतो. वर्षानुवर्षं शिकवलं गेलं की जीआर तिथे डीएनएला शिवत नाही, एनएफ-कप्पा-बीच्या पाठीवर बसतो. नंतरच्या संरचनेच्या कामातून पुढे आलं की कप्पा-बी जागेच्या पोटातच जीआरला बसायला छोटी जागा असते. दोन्ही मतं मुलांना सांगा, एक पाठ करायला देऊ नका.

मात्रा: डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, इथेनॉलमधल्या १०० मायक्रोमोलर साठ्यातून हजारपट विरळ करून. नियंत्रणात तेवढंच इथेनॉल. सिरममध्ये स्वतःचं कॉर्टिसॉल असतं, म्हणून आदल्या दिवसापासून कोळसा फिरवलेलं सिरम वापरा. हे विसरलं की शून्याची पातळीच वर बसते आणि 'डेक्सामेथासोनने दुप्पटही होत नाही' अशी तक्रार येते. आरएनए ४ तासांनी काढा. आयएल-८ बघायचा असेल तर सोबत टीएनएफ-अल्फा (दाह पेटवणारं प्रथिन) १० नॅग्रॅ/मिलि द्या. जीन चालूच नसेल तर दाबणार काय?

अजिंक्यतारा:
पेशींना हात लावण्याआधी मुलांना एक हिशोब करायला लावा, कागदावर होतो. गाटा-१ या टीएफचा मोटिफ (बसण्याची ठरलेली ओळ) म्हणजे जी-ए-टी-ए, आधी ए किंवा टी, नंतर ए किंवा जी. ६ बेसांचे एकूण ४०९६ प्रकार, त्यातले ४ चालतात, धागे दोन, म्हणजे दर ५१२ बेसजोड्यांना एक जागा. मानवी जीनोम साधारण ३१० कोटी बेसजोड्यांचा. भागाकार केला की सुमारे ६० लाख जागा. प्रत्यक्ष पेशीत चिप-सेक (टीएफ जीनोमवर कुठे बसलाय ते शोधणारी पद्धत) केलं की गाटा-१ त्यांतल्या जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी जागांवर सापडतो. उरलेल्या जागांवर अक्षरं तीच, पण तिथे कोणी बसत नाही. मोटिफ आहे म्हणून टीएफ आहे, हे डोक्यातून काढायला दुसरं काही लागत नाही.

पुढचा भाग गॅलॅक्सी या विश्लेषणाच्या वेबसाइटवर फुकटात होतो. जास्पार या मोटिफसंग्रहातून जीआरचा मोटिफ, एन्कोड या जीनोम-डेटाच्या संग्रहातून ए-५४९ चं डेक्सामेथासोन दिलेलं जीआर चिप-सेक आणि उघड्या क्रोमॅटिनचा डेटा घ्या. जीआरच्या बहुसंख्य जागा हार्मोन द्यायच्या आधीपासूनच उघड्या असतात. उंदराच्या पेशींतल्या एका गाजलेल्या कामात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात होतं, आणि त्या जागा उघड्या ठेवण्यात एपी-१ या दुसऱ्या टीएफचा मोठा हात असतो. पेशी बदलली, एपी-१ ची जागा दुसऱ्याने घेतली, की जीआरचे पत्तेही बदलतात.

मुलं चुकतात ती दोन-तीन ठिकाणं. एक फाइल एचजी-१९ ची, दुसरी एचजी-३८ ची (मानवी जीनोमच्या दोन वेगळ्या आवृत्त्या). छेद घेतला की जवळपास काहीच जुळत नाही आणि त्यावर निष्कर्ष लिहिला जातो. बेड फाइल (जीनोमवरच्या जागांची यादी) शून्यापासून मोजते, बाकीचं जग एकापासून. मोटिफ फायमो या प्रोग्रॅमने शोधताना ०.०००१ ही नेहमीची मर्यादा तशीच ठेवली तर दोन धागे मिळून ६२० कोटी जागांवर केवळ योगायोगाने ६ लाखांच्या वर हिट येतात. म्हणून अख्खा जीनोम चाळू नका, उघड्या भागांपुरतंच चाळा. आणि तुलनेचा संच निवडताना जी-सी प्रमाण जुळवून घ्या, नाहीतर जो मोटिफ 'जास्त सापडला' तो फक्त जी-सीने भरलेला निघतो.

तासगावची_द्राक्षं:
आमच्या भागातलं उदाहरण घ्या की. पांढरं द्राक्ष पांढरं का? जगभरातल्या बहुतेक पांढऱ्या जातींत व्हीव्हीएमवायबी-ए१ या टीएफच्या प्रमोटरमध्ये ग्रेट-१ नावाचा सुमारे १० हजार बेसजोड्यांचा उडता जनुकखंड घुसलाय. शेजारच्या एमवायबी-ए२ मध्येही बिघाड आहे, म्हणून रंगाचा शेवटचा एन्झाइम यूएफजीटी चालूच होत नाही. इटालिया जातीतून लालसर रुबी ओकुयामा निघाली ती ग्रेट-१ बाहेर पडून मागे फक्त एक टोक उरल्यामुळे. पांढरी थॉम्पसन वर्गातली पानं आणि काळ्या शरद सीडलेसची पानं सांगली जिल्ह्यात फुकट मिळतील. पानातून डीएनए काढायचा, तीन प्रायमरचा पीसीआर, झालं.

वारणाकाठ:
उदाहरण देखणं आहे, पण विषय निसटतो. तिथे टीएफचा स्वतःचा जीन बंद पडलाय. तो टीएफ वेगवेगळ्या जागी वेगळं वागतो असं त्यातून दिसत नाही. वनस्पतीच हवी तर मक्याचे सी-१ आणि पी-१ (गॅलचा प्रमोटर नव्हे) बघा. दोघेही एमवायबी गटातले टीएफ. सी-१ ला सोबत आर नावाचा बीएचएलएच गटातला टीएफ भिडू लागतो, मग तो ए-१ आणि बीझेड-१ दोन्ही जीन चालू करतो. पी-१ ला आर लागत नाही, पण तो ए-१ चालू करतो आणि बीझेड-१ ला हात लावत नाही. किंवा वुशेल हा टीएफ: स्टेम पेशींत बहुतेक जीन दाबणारा, पण फुलात लीफी या टीएफच्या जोडीने अगामस हा जीन चालू करणारा.

तासगावची_द्राक्षं:
मान्य, माझं उदाहरण टीएफच्या वरच्या पायरीचं आहे. तरी पहिल्या आठवड्याचं प्रात्यक्षिक म्हणून ठेवायला हरकत नाही. फक्त डीएनए काढताना दोन टक्के पीव्हीपी घाला आणि कोवळं पान घ्या. जून पानातले पॉलिफेनॉल डीएनए तपकिरी करतात आणि पीसीआर पडतो.

खणभाग_सांगली:
अंतराचं अजून एक, कारण परीक्षक 'दोन बेसने काय फरक पडतो' असं हसून विचारतात. पिट-१ हा पिट्युटरीतला टीएफ. प्रोलॅक्टिनच्या जीनवर त्याच्या दोन अर्ध्या जागांमध्ये जेवढं अंतर आहे, त्यापेक्षा वाढहार्मोनच्या जीनवर २ बेसजोड्या जास्त आहेत. तेवढ्याने त्याची जोडी वेगळ्या ठेवणीत बसते. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींत ती ठेवण एन-सीओआर हा दाबणारा गट बोलावते आणि वाढहार्मोन बंद राहतो. त्या २ बेसजोड्या काढलेला ट्रान्सजीन उंदरात घातला तर नको त्या पेशीत वाढहार्मोनचा प्रमोटर चालू झाला. हे २००० सालचं काम आहे.

अजिंक्यतारा:
आणि सुरुवातीच्या जागेपासूनचं अंतरही धरा. २०२४ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात एनआरएफ-१, एनएफ-वाय, एसपी-१ असे पक्के 'ॲक्टिव्हेटर' घेतले होते. ट्रान्स्क्रिप्शन जिथे सुरू होतं तिथपासून ते नेमके किती अंतरावर बसलेत यावर ते सुरुवात वाढवतात किंवा दाबतात असं दिसलं. एनएफ-वायची सीसीएएटी पेटी -६० ते -१०० मध्ये का दाटलेली असते, याला त्यातून अर्थ येतो.

फॉस्फेट_बफर:
आता लुसिफरेजकडे, म्हणजे जीनचं काम उजेडावरून मोजण्याकडे. प्लाझ्मिड पीजीएल-४.२३, किमान प्रमोटरवालं. त्यात जीआरच्या चार जागा बसवा: नेहमीची, एका बेसने बदललेली, उलट जागा आणि मोडलेली. सगळ्यांच्या कडेचे १० बेस तेच ठेवा. मोडताना जागा कापून काढू नका, अक्षरं बदला. कापलं की मागचं सगळं पुढे सरकतं आणि अंतराचा परिणाम मिसळतो. अर्ध्या जागेतले जी आणि सी बदलले की पुरतं. बदललेली ओळ जास्पारवर पुन्हा चाळा. एपी-१ ची जागा नकळत तयार झालेली असते, हे फार वेळा होतं.

अंतरासाठी जागा आणि प्रमोटर यांच्यामध्ये ५ आणि १० बेस घालून दोन वेगळी प्लाझ्मिडं करा.

उलट जागेचं दमन बघायचं तर किमान प्रमोटर कामाचा नाही, तो मुळात तळाशीच असतो. तिथे मध्यम जोराचा प्रमोटर घ्या आणि लुसिफरेज अल्पायुषी, पेस्ट (प्रथिन लवकर नष्ट करवणारा तुकडा) जोडलेलं. साधं लुसिफरेज पेशीत ३ तासांच्या आसपास अर्ध्यावर येतं. दमन झालं तरी आधी साठलेलं प्रथिन चमकतच राहतं.

रेनिलाने (सोबत तुलनेला घातलेल्या दुसऱ्या लुसिफरेजने) भागायचं ते ठीक, पण रेनिलामागच्या टीके प्रमोटरवर डेक्सामेथासोनचा परिणाम होतो अशी नोंद आहे. म्हणून भागाकाराआधी कच्चे आकडे बघा. रेनिलाच हलत असेल तर गुणोत्तराला अर्थ नाही. २४ खणांच्या प्लेटमध्ये खणाला एकूण ५०० नॅग्रॅ डीएनए, फायरफ्लाय (मुख्य लुसिफरेज) आणि रेनिला २० ला १ या सुमारास.

मिरज_जंक्शन:
प्लाझ्मिडवर एक उत्तर आणि गुणसूत्रावर दुसरं आलं तर कुठलं खरं?

खणभाग_सांगली:
दोन्ही खरी, प्रश्न वेगळे. प्लाझ्मिड सांगतं की ही ओळ काय करू शकते. जीनोममध्ये ती काय करते हे तिथे कळत नाही. प्लाझ्मिडवर न्यूक्लिओसोम नीट रचलेले नसतात, पेशीमागे प्रती शेकड्यांनी असतात, आणि जीनोममध्ये जीनपासून ४० हजार बेसजोड्यांवर असलेला एन्हान्सर (दुरून जीनचं काम वाढवणारी ओळ) प्लाझ्मिडवर शंभरावर येऊन बसतो. एकच रिपोर्टर गुणसूत्रांवर हजारो ठिकाणी विखरून पाहिला तेव्हा त्याच्या पातळीत हजारपटीपर्यंत फरक दिसला. ओळ तीच, पत्ता वेगळा.

मिरज_जंक्शन:
मग फॉक्स-ए१ सारखे पायोनियर टीएफ? ते तर बंद क्रोमॅटिनही उघडतात. त्यांना संदर्भ लागत नाही असं म्हणता येईल?

खणभाग_सांगली:
नाही म्हणता येणार. फॉक्स-ए१ चा डीएनए धरणारा भाग लिंकर हिस्टोनसारखा (न्यूक्लिओसोमांना जोडणारा डीएनए धरणाऱ्या प्रथिनासारखा) दिसतो, न्यूक्लिओसोमवरही तो बसू शकतो, इथवर खरं. पण स्तनाच्या एमसीएफ-७ आणि प्रोस्टेटच्या एलएनकॅप पेशींत त्याच्या जागा बऱ्याच वेगळ्या निघतात. मोटिफ दोन्हीकडे तोच. पायोनियरलाही हिस्टोनवरच्या खुणा आणि शेजारी बघावेच लागतात.

वारणाकाठ:
'खाली कुणीतरी लिहीलच' म्हणाला होतात, ते मी लिहितो. टीएफ बाहेरून भरमसाट घातला की दमन दिसतं, आणि लोक लगेच 'दुहेरी भूमिका' लिहून मोकळे होतात. बऱ्याचदा ती ओढाताण असते: जास्तीचा टीएफ मीडिएटरसारखे सहकारी पळवतो आणि बाकीचे जीन उपाशी राहतात. यीस्टमधल्या गॅल-४ वर हे १९८८ मध्येच दाखवलंय. म्हणून टीएफचं प्लाझ्मिड १०, ५०, १००, २५० नॅग्रॅ असं चढत घाला, एकूण डीएनए रिकाम्या प्लाझ्मिडने समान ठेवा. खरं दमन जागा मोडली की जातं. ओढाताण जागा मोडलेल्या रिपोर्टरवरही दिसते.

दुसरा सापळा अप्रत्यक्ष परिणामाचा. पी-५३ हा टीएफ चालू केला की पेशीविभाजनाचे कितीतरी जीन खाली जातात आणि जुन्या लेखांत पी-५३ ला त्यांचा रिप्रेसर म्हटलेलं सापडेल. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक पी-५३ ने पी-२१ वाढवल्यामुळे, ड्रीम नावाच्या गटामार्फत दाबले जातात. पी-५३ तिथे ॲक्टिव्हेटरच आहे. थेट-अप्रत्यक्ष वेगळं करायला सायक्लोहेक्झिमाइड देऊन नवीन प्रथिनं थांबवा आणि १ तासात मोजा, तेही इन्ट्रॉनवरच्या (आरएनएतून नंतर कापल्या जाणाऱ्या भागावरच्या) प्रायमरने, म्हणजे नवा आरएनए दिसेल, साठलेला नाही. आरएनएवर डीएनेज नीट चालवा आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजशिवायची नळी ठेवाच. इन्ट्रॉनचे प्रायमर जीनोमिक डीएनए हसत हसत वाढवतात.

संगम_माहुली:
खूप कामाचं मिळालं. आराखडा असा धरतेय: पहिले सहा आठवडे गॅल, मग लुसिफरेज, सोबत अजिंक्यतारांचा कागदी हिशोब. दोन शंका. चिप करावं का, की ते या वेळेत झेपणार नाही? आणि मिथिलेशनचा (डीएनएवर मिथाइल गट लागण्याचा) परिणाम स्वस्तात दाखवता येईल का?

फॉस्फेट_बफर:
चिप-क्यूपीसीआर झेपेल, दोनच जागा घेतल्या तर: एफकेबीपी-५ ची जागा आणि एक ओसाड जागा. खेपेला निदान १ कोटी पेशी. डेक्सामेथासोन १ तास, मग १ टक्का फॉर्माल्डिहाइड १० मिनिटं, १२५ मिलिमोलर ग्लायसिनने ५ मिनिटं थांबवा. फॉर्माल्डिहाइड ताजं हवं, आणि १० ची २० मिनिटं झाली तर तुकडे पडत नाहीत. सोनिकेशनने २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे, जेलवर बघूनच पुढे जा. नळीत फेस आला की ऊर्जा फेसात जाते, तिथेच थांबा. एसडीएस बर्फावर पांढरं बसतं ते विसरू नका. आयजीजी नियंत्रण हवंच, पण त्याहून चांगलं नियंत्रण म्हणजे डेक्सामेथासोन न दिलेल्या पेशी, कारण फार चालू असलेले जीन कुठल्याही प्रतिपिंडाला थोडेफार चिकटतात. इनपुट (प्रतिपिंड घालण्याआधी बाजूला ठेवलेला नमुना) १ टक्का ठेवला असेल तर त्याच्या सीटीमधून ६.६४ वजा करून मग टक्केवारी काढा. प्रायमरचा तुकडा ८० ते १५० बेसजोड्यांचा.

आयएल-८ सारखी जागा घेतली तर नुसतं फॉर्माल्डिहाइड पुरत नाही. आधी डीएसजी २ मिलिमोलर, अर्धा ते पाऊण तास. तो प्रथिन-प्रथिन जोड पकडतो.

खणभाग_सांगली:
मिथिलेशनसाठी जीआर नको, त्याच्या नेहमीच्या जागेत सी-जी जोडीच नाही. एनआरएफ-१ घ्या: जी-सी-जी-सी-ए-टी-जी-सी-जी-सी. यात सी-जी भरपूर, आणि मिथाइल गट लागला की एनआरएफ-१ बसत नाही. उंदराच्या स्टेम पेशींतून डीएनए मिथिलेशन काढून टाकलं तेव्हा तो नव्या जागांवर जाऊन बसला, हे २०१५ चं काम.

ई. कोलायमधून आलेल्या प्लाझ्मिडवर सी-जी मिथिलेशन नसतंच, म्हणजे पेशीच्या जीनोममध्ये मिथिल असलेली जागाही प्लाझ्मिडवर उघडी मिळते. दोन गट करा. एकाला एसएसएस-वन मिथाइलट्रान्सफरेज आणि १६० मायक्रोमोलर एसएएम (मिथाइल गट पुरवणारा रेणू) देऊन ३७ अंशांवर ठेवा, एसएएम लवकर खराब होतं म्हणून मध्ये एकदा पुन्हा घाला. दुसऱ्याला सगळं तेच, फक्त एसएएम नाही. मग दोन्ही एचपीए-टू आणि एमएसपी-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी कापून बघा. मिथिल झालेलं एचपीए-टूने अजिबात कापलं जायला नको, एमएसपी-वनने दोन्ही कापले जायला हवेत. एचपीए-टूच्या ओळीत थोडेही तुकडे दिसले तर मिथिलेशन अर्धवट आहे, ते पेशीत घालू नका.

नेहमीच्या प्लाझ्मिडची पाठही सी-जीने भरलेली असते. ती मिथिल झाली की रिपोर्टर एनआरएफ-१ शिवायही झोपतो. त्यामुळे सी-जी नसलेलं प्लाझ्मिड मिळवा. ते नाहीच मिळालं तर फक्त जागेचा तुकडा मिथिल करून मग लायगेट करा. लायगेशननंतर ते ई. कोलायमध्ये वाढवू नका, मिथाइल गट तिथे उतरतात. लायगेशनचं मिश्रणच शुद्ध करून, दोन्ही गटांत वर्तुळाकार डीएनए जेलवर मोजून समान नॅनोग्रॅम, थेट पेशींत. आणि दोन्ही गटांत एनआरएफ-१ ची जागा मोडलेला तिसरा रिपोर्टर ठेवा. तोही मिथिलेशनने पडला तर दोष एनआरएफ-१ ला नाही, पाठीला आहे.